खेप संपली की हबला हात लाव

ट्रॉल्या घेतल्यास, ऊस वाहतुकीचा करार झाला, टोळीही ठरली. काल अंगणात मी दोन्ही ट्रॉल्यांभोवती फिरून आलो. टायर चांगले आहेत, हौद्याच्या पट्ट्या मजबूत आहेत, मागं रिफ्लेक्टर लावलेत. पण चाकांचे हब उघडून बघितलेस का, असं विचारलं तर म्हणालास, "तात्या, देणाऱ्यानं ग्रीस भरूनच दिलंय." त्याच्या शब्दावर ट्रॉली फडात नेऊ नकोस. त्यानं कॅप काढून वरून ग्रीस थापलं असेल, तर ते कॅपमध्येच बसून राहणार. आतल्या बेअरिंगपर्यंत ते कधी पोचत नाही. दसऱ्याला अजून अवकाश आहे. खंडेनवमीला अवजारांची पूजा करशील तेव्हा दोन्ही ट्रॉल्यांचे आठही हब उघडून, धुऊन, भरून झालेले असू देत.

मी सांगतोय ते माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो त्यांचं आहे, आणि त्याच्याही मागं तुझ्या पणजोबांचं थोडं आहे. ते बैलगाडी लांबच्या वाटेला काढण्याआधी चाक सरकवून आखाला एरंडेलाचं वंगण घालायचे. वाटेत लागेल म्हणून वंगणाचं नळकांडं गाडीखाली टांगलेलं असायचं. गाडी कुरकुरली की थांबायचं, कारण चाक जड फिरलं की ते बैलाच्या मानेवर येतं आणि बैल लगेच सांगतो. ट्रॅक्टर सांगत नाही. तो निमूट ओढत राहतो, आणि दोन नंबरच्या ट्रॉलीचं मागचं चाक ओरडत असलं तरी इंजिनाच्या आवाजात तुला ते ऐकू येणार नाही. म्हणून हे काम हातानं करायचं.

कारखान्यावर काट्याच्या रांगेत थांबलास की पहिल्यांदा खाली उतर आणि आठही हबवर हात ठेवून ये. आधी हाताची मागची बाजू जवळ ने, चटका बसत नसेल तर मग तळवा ठेव. काम करणारं चाक कोमट होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तळवा ठेवून सावकाश पाच-सात आकडे मोजता आले पाहिजेत. हात ठेववतच नसेल तर हब साठ अंशांच्या आसपास किंवा वर गेला आहे असं धर. आणि नुसता एकेक हब बघू नकोस, त्यांची आपसात तुलना कर. सात कोमट आणि एक गरम, तर त्या एकाचं काहीतरी बिघडलंय. उन्हाच्या बाजूचे चारही थोडे जास्त तापलेले असतील, ते सोडून दे. ब्रेक असलेल्या ट्रॉलीत ड्रम तापला आहे की मधला हब, हे वेगळं ओळखायला शिक. ड्रम जास्त गरम आणि कॅप थंड असेल तर ब्रेक घासतोय, बेअरिंगचा दोष नाही. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे. रांगेत तू तासन्‌तास थांबतोस, तिथं चहाला जाण्याआधी ही फेरी झाली पाहिजे.

हात ठेवतानाच चाकाच्या आतल्या बाजूला नजर टाक. रिमवर ग्रीसचे ओघळ दिसले, त्यावर धूळ बसून काळा पट्टा झाला असेल, तर मागचं सील गेलं. जिथून ग्रीस बाहेर येतं तिथूनच पाणी आणि माती आत जाते.

आता हे बेअरिंग काय करतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं तुझं तुलाच उमगेल. तुझ्या प्रत्येक हबात दोन बेअरिंग आहेत, आतल्या बाजूला मोठं, बाहेरच्या बाजूला लहान. दोन ट्रॉल्यांची सोळा झाली. सगळी निमुळत्या रोलरची. हबात ठोकून बसवलेलं बाहेरचं कडं म्हणजे कप, आणि रोलर ज्यावर जाळीत बसवलेत तो कोन. हेन्री टिम्केन नावाच्या माणसानं १८९८ साली अमेरिकेत अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं. तो सेंट लुईसचा घोडागाड्या बनवणारा कारागीर होता. गाडी सरळ चालते तेव्हा चाकावर वरून वजन असतं, पण वळणावर तेच वजन चाकाला आडवं ढकलतं. साधं बेअरिंग हा आडवा रेटा फार सोसत नाही. रोलर तिरके बसवले की ते दोन्ही सोसतात. तुझी उसानं भरलेली ट्रॉली पाणंदीतून डांबरीवर चढताना वाकडी होते ना, तेव्हा त्या तिरक्या रोलरवरच सगळा भार असतो.

रोलर आणि कप यांच्या मध्ये तेलाचा एक पातळ थर असतो. डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ, पण लोखंडाला लोखंड लागू देत नाही तो तोच. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. साबणाचं काम तेलाला जागेवर ठेवायचं, वंगणाचं काम तेलाचं. ग्रीस जुनं झालं, तापून तेल निघून गेलं की मागं नुसता साबण राहतो. हब उघडल्यावर तुला ग्रीस भरपूर दिसेल आणि तरीही बेअरिंग कोरडं असेल. त्यामुळे आत ग्रीस दिसतंय एवढ्यावर कधी समाधान मानू नकोस.

भाराबद्दल आत्ताच बोलतो, कारण टनावर पैसे मिळतात तिथं माणसाचा मोह वाढतो. रोलर बेअरिंगच्या आयुष्याचं एक गणित आहे, बेअरिंग बनवणारे सगळे तेच वापरतात. भार सव्वापट केला की आयुष्य निम्म्यावर येतं. दुप्पट केला तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ९.००-२० चा टायर एका किलोमीटरला तीनशेहून जास्त फेरे घेतो. तीस किलोमीटरच्या खेपेत नऊ हजारांच्या वर झाले. तेवढ्या वेळा त्या छोट्या रोलरवरून सगळं ओझं जाणार आहे. बेअरिंग ज्या भारासाठी धरून बसवलेलं असतं त्याच्या वर तू चार मोळ्या चढवल्यास तर त्या दिवशी काही होत नाही. होतं ते माघात, रात्रीच्या खेपेला.

आता उघडायचं कसं ते सांगतो. ट्रॉली रिकामी पाहिजे आणि जमीन कठीण पाहिजे. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव. जॅक ॲक्सलखाली लाव आणि चाक उचललं की लगेच ॲक्सलखाली लाकडी ठोकळा दे. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या ट्रॉलीखाली मी कुणाला हात घालू दिला नाही, तूही देऊ नकोस.

चाक वर आलं की उघडायच्या आधी हातानं फिरव आणि ऐक. दुसरा हात स्प्रिंगवर ठेव. बेअरिंग खराब असेल तर गुरगुर कानाच्या आधी बोटांना कळते. मग चाकाला वर आणि खाली धरून आत-बाहेर हलव. अगदी बारीक हालचाल असली पाहिजे. खडखड वाजत असेल तर ढिलं आहे, आणि मुळीच हालचाल नसेल तर ते जास्त वाईट. ते का, हे पुढं सांगतो.

कॅप, कॉटर पिन, नट, वॉशर, बाहेरचा कोन, मग हब. एका वेळी एकच हब उघड. एका हबचे कोन दुसऱ्या हबच्या कपात गेले नाही पाहिजेत, कारण ते एकमेकांवर फिरून एकमेकांपुरते घासलेले असतात. निघालेल्या वस्तू स्वच्छ फडक्यावर ज्या क्रमानं निघाल्या त्या क्रमानं मांड. वारं सुटलं असेल तर त्या दिवशी हे काम काढू नकोस. बेअरिंगमध्ये गेलेली धूळ ग्रीसमध्ये मिसळून पॉलिशच्या मसाल्याचं काम करते आणि रोलर झिजवत राहते.

पुसण्याआधी जुनं ग्रीस बोटावर घेऊन उन्हात बघ. ही सवय मिस्त्रींनी लावली. ते म्हणायचे, आधी वाच, मग धू. काळं आणि जळका वास असेल तर हब तापत होता. दुधाळ, पांढुरकं दिसलं तर पाणी गेलंय. तांबूस असेल तर गंज आहे. बोटावर चोळल्यावर कचकचलं तर माती. आणि उन्हात चमचम करणारे कण दिसले तर ते लोखंड आहे, बेअरिंगचंच. मग धुऊन भरण्यात अर्थ नाही, बदलायची तयारी ठेव.

धुवायला डिझेल किंवा रॉकेल घे. पेट्रोल नको, आणि आसपास विडी तर मुळीच नको. दोन भांडी ठेव, पहिल्यात घाण काढायची, दुसऱ्यात शेवटचा हात. पुसायला जुनं धुतलेलं सुती धोतर उत्तम. गॅरेजमध्ये मिळणारा सुताचा गुंता वापरू नकोस, त्याचे धागे रोलरमध्ये अडकतात. कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग गरगर फिरवायची पोरांना हौस असते. कोरडं बेअरिंग त्या वेगानं फिरलं तर तिथल्या तिथं ओरखडतं, आणि जाळी फुटली तर रोलर गोळीसारखा उडतो. हवा मारायचीच असेल तर कोन अंगठ्यानं घट्ट धरून मार.

धुतल्यावर डिझेल पूर्ण सुकू दे. डिझेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं. मग प्रत्येक रोलर फिरवून बघ आणि कपाच्या आतून नख फिरव. नख कुठं अडलं तर कप गेला. बारीक खड्डे, पापुद्रा निघाल्यासारखे डाग, रोलरच्या अंतरानं पडलेल्या आडव्या रेघा, यातलं काहीही दिसलं की बदल. रोलरला पिवळसर किंवा निळी झाक आली असेल तर तो तापून गेला आहे. पोलाद निळं पडायला तीनशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेवढं तापल्यावर त्याचा कठीणपणा उतरतो. दिसायला गुळगुळीत असला तरी तो परत घालू नकोस.

बदलायचं तर कप आणि कोन दोन्ही बदल. जुन्या कपात नवा कोन घातला तर पैसे वाचल्यासारखे वाटतात आणि हंगामाच्या मधोमध तेच परत करावं लागतं. दुकानात जुनं बेअरिंग घेऊनच जा. त्यावर नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ३०२०८. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे हे ४० चं. ३२२१० असेल तर ५० चं. नंबर पुसट दिसत असेल तर ॲक्सलचं माप घेऊन ताडून बघ. बेअरिंगमध्ये नकली माल फार येतो. खोक्यावरचं नाव बघून भुलू नकोस. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घे, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

जुना कप काढायला हबच्या आतून पितळी सळई लावून समोरासमोरच्या दोन जागांवर आळीपाळीनं ठोक. नवा कप बसवताना जुनाच कप वर ठेवून ठोकला तर सरळ उतरतो. बेअरिंगच्या पोलादावर थेट हातोडा मारायचा नाही. ते इतकं कठीण असतं की त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव येतो. तो आवाज येईपर्यंत थांबू नकोस. अर्धवट बसलेला कप चार खेपांनंतर खाली सरकतो आणि चाक आपोआप ढिलं होतं.

ॲक्सलचं टोकही तपासायचं. कोन अडकून ॲक्सलवर फिरला असेल तर तिथं चर पडलेला दिसेल. असा ॲक्सल वेल्डिंगचा थर देऊन घासून देतो म्हणणारे भेटतील. चाकाचा भार जिथं सगळ्यात जास्त असतो नेमकी तीच जागा ती. नवं टोक घाल, चांगल्या लेथवाल्याकडून.

ग्रीस लिथियमचं घे, दोन किंवा तीन नंबरचं. दुकानात ए.पी. थ्री म्हटलं की देतात. जास्त भाराला चालणारं, डब्यावर ई.पी. लिहिलेलं मिळालं तर अधिक चांगलं. चेसिसचं म्हणून जे स्वस्त कॅल्शियमचं ग्रीस मिळतं ते पिनांना आणि पट्ट्यांना ठीक आहे, हबला नाही. ते शंभर अंशांच्या आतबाहेर वितळून वाहतं, लिथियमचं १८० च्या पुढं तग धरतं. दोन जातींची ग्रीसं एकत्र करू नकोस. काही साबण एकमेकांत मिसळले की मऊ पडून वाहून जातात. म्हणूनच जुनं सगळं धुऊन काढायचं, त्यावर नवं थापायचं नाही. आणि डब्याचं झाकण उघडं टाकून कुठं जाऊ नकोस.

भरायचं हातानं. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घे. कोनाची रुंद बाजू खाली करून त्याची कड तळव्यातल्या ग्रीसवर दाबून ओढ, पुन्हा दाबून ओढ. वरच्या निमुळत्या बाजूनं रोलरच्या फटींतून ग्रीस बाहेर येताना दिसलं की ती जागा भरली. थोडा फिरव, पुढची जागा भर. पूर्ण वेटोळं होईपर्यंत हे कर आणि घाई करू नकोस. मग बाहेरून रोलरवर एक हात फिरव, कपाला पातळ थर दे, ॲक्सललाही दे म्हणजे गंज धरणार नाही. हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा, फार तर निम्मं भर. पोकळी ठासून भरली तर चाक फिरताना ग्रीस घुसळलं जातं, घुसळलं की तापतं, तापलं की सील ढकलून बाहेर येतं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी घेतली असं वाटतं खरं, पण हबाला ते मानवत नाही. निपलमधून गन मारणाऱ्यांचं हेच होतं. गननं ग्रीस आत गेलं तरी घाण बाहेर येत नाही आणि सील मात्र उलटतं.

सील दर वेळी नवं. त्याची ओठाची, स्प्रिंग दिसणारी बाजू ग्रीसकडे, म्हणजे आत. सपाट लाकूड ठेवून चारी बाजूंनी हळूहळू ठोक, वाकडं गेलं तर दुसरं आण. ओठाला थोडं ग्रीस लाव, नाहीतर पहिल्याच खेपेत कोरडं घासून फाटतं. उसाच्या ट्रॉलीला आणखी एक त्रास आहे. पाचट, सुतळी, तार हबच्या मागं ॲक्सलभोवती गुंडाळत जाते आणि फिरता फिरता सील कापते. फडातून बाहेर पडलास की खाली वाकून ते काढत जा.

आता नट आवळायचा. जितकी बेअरिंग वेळेआधी जातात त्यातली बहुतेक मी इथं गेलेली पाहिली आहेत. पोरं टायरचे नट आवळतात तसा हाही जोर लावून आवळतात. टायरचा नट आवळायचाच असतो. हा नट चाक धरून ठेवण्यापेक्षा बेअरिंगला नेमकी जागा देण्यासाठी आहे. एका हातानं चाक फिरवत राहा आणि दुसऱ्या हातानं पान्ह्यानं नट आवळत जा. चाक जड फिरायला लागलं की थांब, तसंच चार-सहा फेरे फिरव. यानं रोलर आपापल्या जागी बसतात आणि कोन-कपातलं जादा ग्रीस सरकतं. मग नट पूर्ण सैल कर. पान्हा खाली ठेव. आता नुसत्या बोटांनी नट टेकेपर्यंत फिरव. कंगोरा आणि भोक जुळत नसेल तर नट मागं घे, म्हणजे सैल कर. पुढं नेऊन जुळवू नकोस. नवी कॉटर पिन घाल आणि टोकं नीट दुमड. जुनी पिन सरळ करून परत घालायची नाही. वाकवलेली तार दुसऱ्यांदा वाकवली की कधीतरी तुटते. ती पिन आहे म्हणून नट आहे, आणि नट आहे म्हणून चाक आहे.

झाल्यावर चाक वर-खाली धरून हलव. अगदी अंधुक हालचाल जाणवली पाहिजे. मापात सांगायचं तर मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग. ही फट लागतेच, कारण खेप सुरू झाली की लोखंड तापून वाढतं आणि फट भरून काढतं. घट्ट आवळलेल्या बेअरिंगला वाढायला जागाच नसते. ते तापतं, तापलं म्हणून आणखी घट्ट होतं, आणि घट्ट झालं म्हणून आणखी तापतं. थोडं ढिलं राहिलेलं बेअरिंग वाजून सांगतं, दुसऱ्या दिवशी नीट करता येतं. घट्ट राहिलेलं त्याच रात्री जळतं. नवे कप बसवले असतील तर पहिल्या दोन-तीन भरलेल्या खेपांनंतर ट्रॉली रिकामी करून ही हालचाल पुन्हा तपास.

पाण्याचं मुद्दाम वेगळं सांगतो. खेप टाकून येताना ओढ्यात किंवा नदीच्या उतारावर ट्रॉली घालून चाकं धुवायची आपल्याकडं जुनी सवय आहे. हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. गार पाण्यात गेल्याबरोबर ती हवा आक्रसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. सील नवं असलं तरी ओढते. परदेशात होड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरची बेअरिंग याच कारणानं सारखी जातात, म्हणून तिकडं पाण्यात उतरवण्याआधी हब गार होऊ देतात. तूही अर्धा तास थांब, हात लावून बघ आणि मगच पाण्यात घाल. एखाद्या दिवशी ओढ्याला पाणी जास्त असेल आणि हब बुडालेच, तर त्या आठवड्यात एक हब उघडून ग्रीसचा रंग बघ. दुधाळ निघालं तर आठही उघड. सर्व्हिसिंगला जोराच्या पाण्याचा पाइप सीलवर धरू द्यायचा नाही, हे तिथं उभं राहून सांगावं लागतं.

वेल्डिंगचंही लक्षात ठेव. हंगामात हौद्याची पट्टी तुटते, दांडी तुटते, वेल्डर बोलावला जातो. तो अर्थिंगचा चिमटा दिसेल तिथं लावतो, बऱ्याचदा चाकालाच. मग करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलर-कपाच्या फटीत ठिणग्या पडून बारीक खड्डे होतात. आठवड्याभरानं बेअरिंग गुरगुरायला लागतं आणि कुणाला कारण सापडत नाही. चिमटा जिथं जोड द्यायचा तिथंच शेजारी लावायला लाव.

हब वर्षातून दोनदा पूर्ण उघड. एकदा हंगामाआधी, एकदा हंगाम संपून पट्टा पडल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर. दुसरं लोक टाळतात. म्हणतात, आता ट्रॉली उभीच राहायची आहे, दिवाळीच्या आधी बघू. पण पाणी शिरलेलं ग्रीस घेऊन चार महिने उभी राहिलेली ट्रॉली चालणाऱ्या ट्रॉलीपेक्षा लवकर बिघडते. एकाच जागी टेकलेल्या रोलरखाली गंजाच्या रेघा पडतात. स्वच्छ ग्रीस भरून ठेव, जमलं तर ॲक्सल ठोकळ्यांवर घे, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक चाक चार फेरे फिरव. संक्रांतीच्या सुमाराला, हंगामाच्या मध्यावर, नुसतं चाक उचलून हलवून आणि फिरवून बघणं पुरे. ज्याबद्दल शंका येईल तेवढंच उघड.

एवढं करूनही वाटेत हब तापला तर काय, तेही सांगतो. एका हंगामात आमच्या पुढं ट्रॉल्यांची एक जोडी चालली होती. मागच्या ट्रॉलीच्या डाव्या चाकातून धूर येत होता. आम्ही दिवे दाखवून थांबवलं. ड्रायव्हर म्हणाला, कारखाना पाच किलोमीटरवर आहे, सावकाश नेतो. उतारावर ॲक्सलचं टोक तुटलं. चाक सुटून रस्त्याच्या खालच्या रानात गेलं, आणि ट्रॉली कलंडून निम्मा ऊस डांबरीवर पडला. माणूस नव्हता त्या बाजूला, म्हणून निभावलं. जळका वास आला, धूर दिसला, चाक वाकडं चाललं, यातलं काहीही झालं की तिथंच थांबायचं. पाच किलोमीटर तर सोडच, पुढच्या वळणापर्यंतही न्यायचं नाही. हबवर पाणी ओतू नकोस. आपोआप गार होऊ दे. चाकांना दगड लाव, मागं शंभर पावलांवर माणूस बॅटरी घेऊन उभा कर, कारण रात्री रस्त्यावर उभ्या ट्रॉलीला धडकून माणसं जातात. चांगली ट्रॉली सोडवून कारखान्यावर ने, बिघडलेल्या ट्रॉलीतला ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भर आणि रिकामी झाल्यावरच उचल. भरलेली ट्रॉली साइडपट्टीच्या मातीवर जॅकनं उचलायची नाही, कोण कितीही घाई करत असला तरी.

ट्रॅक्टरच्या पेटीत एक जोडी आतलं बेअरिंग, एक जोडी बाहेरचं, दोन सील, मूठभर कॉटर पिना, झाकणाचा अर्धा किलो ग्रीसचा डबा, पितळी सळई, नटाच्या मापाचा पान्हा, दोन ठोकळे आणि बॅटरी एवढं कायम असू दे. नवी बेअरिंग त्यांच्या कागदातच ठेव, हाताळायला बाहेर काढू नकोस, हाताच्या घामानंही त्यांना गंज येतो. आणि एक वही ठेव. कुठला हब कधी उघडला, काय घातलं, नंबर काय. डावी-उजवी बाजू लिही. एकच हब पुन्हा पुन्हा त्रास देत असेल तर दोष बेअरिंगचा नसून ॲक्सल वाकल्याचा किंवा कप सैल बसल्याचा असतो, आणि हे वहीशिवाय लक्षात येत नाही.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत मागच्या ट्रॉलीपासून सुरुवात करू, कारण वळणावर तीच जास्त ओढली जाते. पहिले दोन हब मी शेजारी बसून करून घेतो. नट बोटांनी टेकवल्यावर चाक किती हलतं ते तुझ्या हाताला एकदा कळू दे. उरलेले सहा तू एकट्यानं करायचे, आणि पिना दुमडायच्या आधी मला हाक मारायची.